जुनी मोटरसायकल अडली तर : आधी ठिणगी, मग पेट्रोल



मेळघाटासारख्या डोंगराळ भागात कित्येक पाड्यांवर एसटी दिवसातून एकदा-दोनदाच येते. पावसाळ्यात ओढ्याला पाणी चढले की तीही येत नाही. अशा वेळी औषधांची पेटी, शाळेच्या वह्या आणि कधी तापाने फणफणलेले लेकरू, सगळ्यांची भिस्त एका मोटरसायकलवर असते. ती मोटरसायकल बहुधा जुनी असते. कोणीतरी नवी गाडी घेतली, म्हणून जुनी सेवाकार्यासाठी दिलेली. ती घाटात मध्येच बंद पडली तर नुकसान केवळ तेलपाण्याच्या खर्चाचे नसते. कोणाची तरी वेळ टळून जाते.

म्हणून या अंकातील धडा जुन्या गाडीच्या दोन भागांवर आहे : कार्बोरेटर आणि स्पार्क प्लग. गाडी चालवणाऱ्या कार्यकर्त्यांना तो रस्त्यावर उपयोगी पडेल. गाडी देणाऱ्यांना आपण देत असलेली वस्तू कशी तपासावी हे कळेल. उदाहरणासाठी आपण १९९४ साली बाजारात आलेली, ९७.२ सीसीची हिरो होंडा स्प्लेंडर डोळ्यांसमोर ठेवू, कारण गावोगावी तीच जास्त दिसते. पण १ एप्रिल २०२० रोजी बीएस-६ नियम लागू होण्यापूर्वीच्या बहुतेक साध्या मोटरसायकलींना हा धडा लागू पडतो. त्यानंतरच्या गाड्यांत कार्बोरेटरची जागा फ्युएल इंजेक्शनने घेतली. त्यांची तपासणी वेगळी असते.

इंजिनाला काय लागते?

पेट्रोल इंजिन चालायला तीन गोष्टी लागतात. हवा आणि पेट्रोल यांचे योग्य मिश्रण, ते दाबण्याची सिलिंडरची ताकद, आणि नेमक्या वेळी पडणारी ठिणगी. तिन्ही असतील तर इंजिन सुरू होतेच. सुरू होत नसेल तर तिन्हींपैकी एक तरी कमी आहे. कोणती, एवढेच शोधायचे असते.

मिश्रणाचे प्रमाण वजनाने साधारण एक भाग पेट्रोलला पंधरा भाग हवा असे असते. हे प्रमाण राखण्याचे काम कार्बोरेटर करतो. त्याच्या मधल्या नळीला एके ठिकाणी चिमटा असतो. इंजिन हवा ओढते, ती त्या अरुंद जागेतून वेगाने जाते आणि तिथला दाब कमी होतो. त्या कमी दाबामुळे खालच्या वाटीतले पेट्रोल बारीक छिद्रांतून वर ओढले जाते. या छिद्रांच्या पितळी तुकड्यांना जेट म्हणतात. वाटीतली पातळी फ्लोट राखतो. घरच्या पाण्याच्या टाकीतला बॉलकॉक आठवा, तेच तत्त्व.

थ्रॉटल जवळजवळ बंद असताना पेट्रोल पायलट जेटमधून येते, मधल्या टप्प्यात सुईवर अवलंबून असते आणि पूर्ण पिळल्यावर मेन जेटमधून येते. म्हणून गाडी नेमकी कोणत्या टप्प्यावर बिघडते हे लक्षात ठेवावे. मेकॅनिककडे गेल्यावरही हीच माहिती सर्वांत कामाची ठरते.

पाना हातात घेण्यापूर्वी

पुढील गोष्टी आधी पाहाव्यात. त्यांना दोन मिनिटेही लागत नाहीत.

१. टाकीत पेट्रोल आहे का? कॉक ‘ऑन’वर आहे का? पातळी कमी असेल तर ‘रिझर्व्ह’वर करून पाहावे.

२. प्लगवरची टोपी घट्ट बसली आहे का? खडबडीत रस्त्यावर ती सैल होते.

३. चोक कुठे आहे? थंड इंजिनाला चोक लागतो, गरम इंजिनाला नाही. चोक ओढलेलाच राहिला तर गाडी धूर सोडते, प्लग काळा होतो आणि पेट्रोलही जास्त जाते.

४. टाकीच्या झाकणातले हवेचे छिद्र उघडे आहे का? ते धुळीने बुजले तर टाकीत हवा शिरत नाही आणि पेट्रोल खाली उतरायचे थांबते. गाडी काही किलोमीटर चालून बंद पडते, थोड्या वेळाने सुरू होते आणि पुन्हा बंद पडते. झाकण उघडल्यावर ‘फुस्स’ असा आवाज आला तर कारण सापडलेच.

बॅटरी उतरली म्हणून गाडी सुरू होत नाही, असा समज पुष्कळांचा असतो. किकच्या अनेक जुन्या गाड्यांत ठिणगीसाठीची वीज इंजिनातल्या मॅग्नेटोपासूनच येते. अशी गाडी मेलेल्या बॅटरीवरही किकने सुरू होऊ शकते. तेव्हा हॉर्न वाजत नाही एवढ्यावरून निष्कर्ष काढू नये.

पहिली पायरी : ठिणगी

कार्बोरेटर खोलण्याआधी ठिणगी पाहावी. ती तपासणे सोपे आहे, आणि पेट्रोलची कितीही दुरुस्ती केली तरी ठिणगीवाचून इंजिन पेटत नाही.

प्लगभोवतीची माती आधी फुंकून किंवा ब्रशने साफ करावी, नाहीतर ती थेट सिलिंडरमध्ये पडते. प्लगपान्याने प्लग काढून तो पुन्हा टोपीत बसवावा. प्लगचा धातूचा आट्यांचा भाग इंजिनाच्या उघड्या धातूला टेकवून चावी चालू करावी आणि किक मारावी. टोकाशी निळसर पांढरी ठिणगी ‘चट्’ अशा आवाजासह दिसली तर ठीक. बारीक, तांबूस, मधूनच चुकणारी ठिणगी पुरेशी नाही. उघड्या हवेत ती दिसते, पण सिलिंडरच्या दाबाखाली ठिणगीला उडी मारणे जास्त कठीण असते.

हे करताना काळजी घ्यावी. प्लग टोपीच्या रबरावरूनच धरावा, धातूला हात लावू नये. प्लगच्या भोकातून पेट्रोलची वाफ बाहेर येते, म्हणून प्लग भोकापासून दूर टेकवावा. सांडलेले पेट्रोल आधी पुसून घ्यावे आणि आसपास कोणी विडी ओढत नाही हे पाहावे. टोपी मोकळी लोंबत ठेवून किक मारू नये, त्याने सीडीआय युनिट बिघडू शकते.

ठिणगी नसेल तर क्रम असा ठेवावा. आधी नवा किंवा चांगला ठाऊक असलेला प्लग लावून पाहावा. मग टोपी काढून तिच्यातले पाणी, गंज, तडा पाहावा. टोपी वायरवर आट्यांनी बसवलेली असेल तर ती फिरवून काढावी, वायरचे काळे पडलेले टोक अर्धा सेंटिमीटर कापावे आणि टोपी पुन्हा बसवावी. पावसाळ्यातल्या बऱ्याच तक्रारी इथेच मिटतात. टोपी कोरड्या फडक्याने पुसली आणि थोडा वेळ वाळू दिली तरी गाडी सुरू होते. एवढे करूनही ठिणगी आली नाही तर कॉइल, सीडीआय किंवा मॅग्नेटोकडे संशय जातो. ते काम गॅरेजचे.

प्लग काय सांगतो?

काढलेला प्लग लगेच पुसू नये, आधी नीट पाहावा. इंजिनाच्या आत काय चालले आहे ते त्याच्या टोकावर उमटलेले असते. मात्र गाडी चार-पाच किलोमीटर चालवून मग प्लग पाहावा. नुसती उभ्या जागी चालू ठेवलेली गाडी प्रत्येकच प्लग काळा करते.

फिकट तपकिरी, दुधाळ कॉफीसारखा रंग : सर्व ठीक आहे.

कोरडी, मऊ, काजळीसारखी काळी पूड : पेट्रोल जास्त किंवा हवा कमी. एअर फिल्टर, चोक आणि फ्लोटची पातळी पाहावी.

ओला आणि पेट्रोलचा वास : पेट्रोल पोचते आहे, पण पेटत नाही. ठिणगी नाही किंवा इंजिनात पेट्रोल भरले आहे.

ओला, तेलकट, काळा : चार-स्ट्रोक गाडीत हे इंजिन ऑइल आहे. रिंगा किंवा व्हॉल्व्हचे सील झिजले आहेत. प्लग कितीही वेळा साफ केला तरी हा दोष जाणार नाही. आरएक्स १०० सारख्या टू-स्ट्रोक गाडीत पेट्रोलबरोबर ऑइल जळतच असते, तिथे थोडा तेलकटपणा चालतो.

पांढरा, करपलेला, टोकावर बारीक फोड : हवा जास्त, पेट्रोल कमी, किंवा इंजिन फार तापते आहे. अशी गाडी तशीच दामटू नये, पिस्टन जळू शकतो.

टोकांमधले अंतर, म्हणजे गॅप, जुन्या १०० सीसी गाड्यांना साधारण ०.६ ते ०.७ मिलिमीटर लागते. आपल्या गाडीच्या पुस्तिकेत वेगळा आकडा असेल तर तोच धरावा. फिलर गेजने मोजून फक्त बाहेरचे वाकडे टोक हलकेच वाकवावे. मधल्या टोकावर जोर दिला तर चिनी मातीचा भाग तडकतो.

प्लग बसवताना इंजिन थंड असावे. सिलिंडर हेड ॲल्युमिनियमचे असते आणि त्याचे आटे सहज जातात. म्हणून प्लग आधी नुसत्या हाताने शेवटपर्यंत फिरवावा. तो अडखळला तर जोर न लावता काढून पुन्हा लावावा. हाताने पूर्ण बसल्यावर वॉशरचा नवा प्लग पान्याने अर्धा फेरा आणि वापरलेला त्याहून बराच कमी घट्ट करावा. प्लगचा क्रमांकही गाडीला सांगितलेलाच हवा. आट्यांत बसतो म्हणून दुसऱ्या गाडीचा प्लग चालतो असे नाही. त्याची लांबी किंवा उष्णता सहन करण्याची क्षमता वेगळी असू शकते.

दुसरी पायरी : पेट्रोल पोचते का?

ठिणगी चांगली आहे, आठ-दहा किक मारल्या, तरी प्लग कोरडाच. याचा अर्थ पेट्रोल सिलिंडरपर्यंत पोचत नाही. कार्बोरेटरकडे येणारी नळी काढून बाटलीत धरावी आणि कॉक उघडावा. धार सलग यायला हवी. थेंब थेंब येत असेल तर टाकीच्या झाकणाचे छिद्र, कॉकची जाळी आणि टाकीतला गंज पाहावा.

धार चांगली असेल तर वाटीच्या तळाचा ड्रेन स्क्रू सैल करून आतले पेट्रोल काचेच्या बाटलीत घ्यावे आणि उजेडात धरावे. तळाशी वेगळा थर किंवा गोळे दिसले तर ते पाणी. लालसर कण दिसले तर टाकीचा गंज. पुष्कळदा एवढ्यानेच, म्हणजे वाटी रिकामी करून ताजे पेट्रोल भरल्यानेच, गाडी सुरू होते.

पाण्याचा प्रश्न आता जास्त जाणवतो. आपल्याकडच्या पेट्रोलमध्ये इथेनॉल असते. २० टक्के इथेनॉलचे ई-२० पेट्रोल फेब्रुवारी २०२३ मध्ये देशात सुरू झाले. इथेनॉल पाणी शोषून घेते. ते प्रमाणाबाहेर गेले की इथेनॉल आणि पाणी मिळून तळाशी उतरतात, आणि कार्बोरेटरला पेट्रोल नेमके तळातूनच मिळते. जुन्या गाड्यांच्या रबरी नळ्या आणि सील यांनाही इथेनॉल मानवत नाही. त्या फुगल्या, चिरल्या तर बदलाव्यात. वाटेवर बाटलीतून विकले जाणारे पेट्रोल शक्यतो टाळावे, त्यात रॉकेल किंवा पाणी असण्याचा धोका असतो. नाइलाजाने घ्यावे लागले तर थोडे काचेत घेऊन पाहावे.

उलट, कार्बोरेटरच्या नळीतून पेट्रोल ठिबकत असेल तर फ्लोटची सुई अडकली आहे. पेचकसाच्या मुठीने वाटीवर दोन-तीन हलके टोले दिल्यावर ती बऱ्याचदा सुटते. इंजिनात पेट्रोल भरले असेल तर चोक बंद करून, थ्रॉटल पूर्ण उघडून सात-आठ किक माराव्यात. तरीही जमले नाही तर प्लग काढून वाळवावा.

तिसरी पायरी : कार्बोरेटर साफ करणे

वरच्या पायऱ्यांत कारण सापडले नाही, तरच कार्बोरेटर खोलावा. कॉक बंद करावा, बाहेरची धूळ पुसावी आणि खाली स्वच्छ पांढरे फडके पसरावे. काढलेले भाग ज्या क्रमाने निघाले त्याच क्रमाने मांडावेत. फोन जवळ असेल तर प्रत्येक टप्प्यावर फोटो काढावा.

मिश्रणाचा छोटा स्क्रू काढण्याआधी तो हलक्या हाताने आत फिरवत किती फेऱ्यांत बसतो ते मोजून लिहून ठेवावे. बसवताना तेवढेच फेरे बाहेर घ्यावेत. काही कार्बोरेटरमध्ये हा स्क्रू हवा कमी-जास्त करतो आणि काहींत पेट्रोलमिश्रित हवा. त्यामुळे कोणत्या दिशेला फिरवल्यावर पेट्रोल वाढते हे गाडीप्रमाणे बदलते. अंदाजाने फिरवू नये.

जेट काढून उजेडाकडे धरावा. गोल, स्वच्छ छिद्र दिसले पाहिजे. पायलट जेटचे छिद्र फार बारीक असते आणि तेच आधी बुजते. क्लीनर स्प्रे, पेट्रोल किंवा हवेच्या दाबाने ते मोकळे करावे. सुई, टाचणी, स्टीलची तार घालू नये. पितळ मऊ असते, छिद्र मोठे झाले तर मिश्रणाचे प्रमाण कायमचे बिघडते. फारच झाले तर वायरीतला तांब्याचा एक बारीक धागा वापरावा. रबरी रिंगा स्प्रेपासून दूर ठेवाव्यात.

याच वेळी कार्बोरेटर आणि इंजिन यांच्यामधले रबर पाहावे. ते तडकले असेल तर जास्तीची हवा आत शिरते आणि थ्रॉटल सोडल्यावरही इंजिन वर-खाली होत राहते. एअर फिल्टर फोमचा असेल तर धुऊन, वाळवून, थोडे ऑइल लावून बसवावा. कागदी असेल तर धुवू नये, झटकावा किंवा बदलावा.

काम झाल्यावर इंजिन गरम होऊ द्यावे आणि मग आयडलिंग ठरवावे. स्प्लेंडरला ते मिनिटाला सुमारे १,४०० फेरे असते. मोजायचे यंत्र नसेल तर कानाने ठरवावे : इंजिन न गुरगुरता एकसारखे चालावे आणि थ्रॉटल एकदम सोडल्यावर बंद पडू नये.

घाट चढताना

परतवाड्याहून चिखलदऱ्याला, म्हणजे सुमारे १,१०० मीटर उंचीवर, गाडी नेली की ती थोडी मंदावते. हा बिघाड नव्हे. दर १,००० मीटरला हवा साधारण दहा टक्के विरळ होते, पण जेट तेवढेच पेट्रोल सोडत राहतो. त्यामुळे पेट्रोल जास्त होते आणि प्लग थोडा काळसर दिसतो. खाली उतरल्यावर सगळे जागेवर येते. वर गेल्यावर स्क्रू पिळून ‘दुरुस्त’ केलेली गाडी खाली आल्यावर मात्र हवा जास्त होऊन तापते.

दोष इथे नसेल तर

ठिणगी आणि पेट्रोल दोन्ही ठीक असूनही गाडी सुरू होत नसेल तर हाताने किक दाबून पाहावी. ती अडथळ्यावाचून खाली गेली तर सिलिंडरमध्ये दाब नाही. व्हॉल्व्ह किंवा रिंगांचे काम आहे. इथे आपण थांबावे आणि गाडी मेकॅनिककडे न्यावी.

एक नियम मात्र सगळीकडे पाळावा : एका वेळी एकच गोष्ट बदलावी आणि गाडी सुरू करून पाहावी. प्लग, जेट आणि स्क्रू एकदम बदलले तर कशाने फरक पडला ते कळत नाही. मग पुढच्या वेळी पुन्हा सगळेच बदलावे लागते, आणि तो खर्च देणगीच्या पैशातून जातो.

गाडीत ठेवायच्या वस्तू

योग्य क्रमांकाचा एक जादा प्लग, प्लगपाना, पेचकस, पक्कड, फिलर गेज, पॉलिश पेपरचा तुकडा, कोरडे फडके, हातभर पेट्रोलची नळी आणि एक छोटी वही. वहीत प्लग बदलल्याची तारीख, मीटरचा आकडा आणि काढलेल्या प्लगचा रंग लिहावा. कार्यकर्ता बदलला तरी गाडीचा इतिहास गाडीबरोबर राहतो.

जुनी गाडी देणाऱ्यांना विनंती

अंगणात वर्षभर उभी असलेली गाडी देण्याआधी टाकीतले जुने पेट्रोल काढून टाकावे. उभ्या गाडीच्या वाटीतले पेट्रोल उडून जाते आणि मागे राहिलेला चिकट थर जेट बुजवतो. वाटी साफ करून घ्यावी, नवा प्लग लावावा, नळ्या पाहाव्यात आणि गाडी दहा किलोमीटर चालवून मगच द्यावी. शहरात हे अर्ध्या दिवसाचे काम आहे. पाड्यावर त्याच कामासाठी गाडी टेम्पोत घालून तालुक्याला न्यावी लागते. पुढेही गाडी महिनाभर उभी राहणार असेल तर कॉक बंद करून इंजिन आपोआप बंद पडेपर्यंत चालू ठेवावे, म्हणजे वाटी रिकामी होते.

स्वतःला तपासून पाहा

१. तीन महिने उभी असलेली गाडी चोक ओढला की चालते, चोक बंद केला की बंद पडते. काय झाले असावे?

२. पावसातून आलेली गाडी सकाळी सुरू होत नाही. प्लग पेट्रोलने ओला आहे. आधी काय पाहाल?

३. आयडलिंगला गाडी उत्तम चालते, पण थ्रॉटल पूर्ण पिळल्यावर अडखळते. कोठे पाहाल?

उत्तरे : १. पायलट जेट बुजला आहे. चोक ओढल्याने हवा कमी होते म्हणून गाडी तग धरते. २. ठिणगी. आधी प्लगची टोपी आणि वायर कोरडी करावी. ३. मेन जेट, आणि पेट्रोलची धार पुरेशी येते का ते.

हा धडा शक्य असल्यास गाडी बंद असताना, तिच्या शेजारी बसून दोघा-तिघांनी मिळून वाचावा आणि प्लग एकदा स्वतःच्या हाताने काढून पुन्हा बसवावा. हे पावसाळ्यापूर्वी झालेले बरे. घाटात, भर पावसात, अंधारात हात तेच करतात जे त्यांनी उजेडात आधी केलेले असते.